उद्योजक, सायकेडेलिक अनुभव आणि धंद्याचे निर्णय

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमची फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. आमच्या भागातल्या उद्योजकांचा एक गट दर महिन्याला बसतो. गेल्या काही बैठकांत तिथं एकच विषय सारखा निघतोय, आणि त्यावर इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

गटातले एक ज्येष्ठ उद्योजक आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतो. ते नेदरलँड्सला एका रिट्रीटला जाऊन आले. तिथं सायलोसायबिन हे भास निर्माण करणारं द्रव्य असलेल्या मशरूमवर २००८ मध्ये बंदी आली, पण त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी, ज्यांना ट्रफल म्हणतात, त्या अजूनही उघडपणे विकता येतात. त्यामुळं असे कार्यक्रम तिथं राजरोस चालतात. काका गेले ते एका बिझनेस कोचच्या सांगण्यावरून. कार्यक्रम होताच मुळी 'नेतृत्व घडवण्यासाठी'.

परत आले ते बदलून आले. शॉप फ्लोअरवर फिरतात, मोल्डरच्या (साचे करणाऱ्या कामगाराच्या) खांद्यावर हात ठेवून घरची चौकशी करतात. हे मनापासून आवडलं. पण आल्या आल्या त्यांनी ठरवलं की वाहन उद्योगाची सगळी कामं सोडायची आणि शेतीपंप स्वतःच्या नावानं बाजारात आणायचे. का, असं विचारलं तर म्हणतात, "मला ते लख्ख दिसलं." रात्री तीन-तीन वाजता ग्रुपवर त्यांचे लांबलचक व्हॉइस मेसेज येतात, रोज नवी कल्पना. मुलगा धंद्यात आहे, तो गप्प झालाय. शंभरेक कुटुंबं त्या कारखान्यावर जगतात.

आता गटातले काही तरुण म्हणतात, ॲपलवाल्या स्टीव्ह जॉब्जनं असलं द्रव्य घेतलं होतं, सिलिकॉन व्हॅलीत सगळे घेतात, आपणही जाऊ. काकांना जे अनुभवाला आलं ते खोटं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की एका माणसाच्या मनात जे उजाडलं, त्यावर शंभर घरांचा निर्णय टाकता येतो का? यात शास्त्र किती, कायदा काय म्हणतो, आणि काकांशी बोलायचं कसं? कृपया नुसतं 'व्यसन वाईट' म्हणून धागा बंद करू नका.

बेदाणाशेड

भट्टीवाले, विषय काढला बरं केलं. आमच्या तासगाव भागात मालकमाणसावर काय ताण असतो ते मी बघतोय. द्राक्षाची छाटणी झाली की पाऊस, माल शेडवर टाकला की ढग, सौद्याला नेला की दर पडलेला. वरनं सोसायटीचं कर्ज. आणि हे कुणाला सांगायचं? बायकोला सांगितलं तर ती घाबरती, गड्यांना सांगता येत नाही. अशा माणसाला कुणी 'दोन दिवसांत मन मोकळं होतं' म्हणालं तर तो जाणारच. मला वाटतं माणसं तिकडं नेतृत्व शिकायला जात नाहीत, एकटेपणाला कंटाळून जातात. डॉक्टर लोकांनी यावर लिहावं.

खाडीपार

माझं शिक्षण वालचंद कॉलेजचं. आता सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकरी करतो, म्हणून 'सिलिकॉन व्हॅलीत सगळे घेतात' यावर लिहितो.

मुळापासून सांगायचं तर अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं बासेलच्या सँडोझ कंपनीत १९३८ साली एलएसडी हे असंच भास घडवणारं द्रव्य बनवलं आणि १९४३ मध्ये त्याचा परिणाम स्वतःवर अनुभवला. उद्योगाशी त्याचा संबंध जुळला तो इथं, मेन्लो पार्कमध्ये. टेप रेकॉर्डर बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीतला मायरन स्टोलारॉफ हा इंजिनिअर याच्या इतका नादी लागला की त्यानं नोकरी सोडून १९६१ मध्ये संशोधनासाठी संस्थाच काढली. विलिस हार्मन आणि जेम्स फॅडिमन हे त्याचे सहकारी. यांचा १९६६ चा प्रयोग आजही प्रत्येक कोच सांगतो: इंजिनिअर, वास्तुरचनाकार, गणिती, डिझायनर अशा २७ जणांना मेस्कॅलिन हे याच जातीचं द्रव्य देऊन आपापल्या कामातल्या अडलेल्या प्रश्नावर बसवलं. बऱ्याच जणांना उत्तरं मिळाली. कुणाचा इमारतीचा आराखडा ग्राहकानं मान्य केला, कुणाला टेप रेकॉर्डरमधली सुधारणा सुचली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हे काम थांबवायला लावलं.

कोच यातल्या दोन गोष्टी सांगत नाहीत. पहिली म्हणजे तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. त्या २७ जणांना नुसतं शांत खोलीत, चांगलं संगीत लावून, दिवसभर फोनशिवाय बसवलं असतं तर किती जणांना उत्तर मिळालं असतं, हे त्या प्रयोगातून कळत नाही. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. ते लोक त्या प्रश्नावर आधीच राबून थकलेले होते, आणि मिळालेलं उत्तर नंतर तपासता येत होतं. यंत्र चालतं किंवा चालत नाही. आराखडा ग्राहक घेतो किंवा परत करतो. कारखान्याची दिशा बदलण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे कळायला पाच वर्षं जातात, आणि तोवर माणसं घरी गेलेली असतात.

जॉब्ज स्वतः म्हणत असे की एलएसडी हा त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या अनुभवांपैकी एक. डीएनएच्या प्रती काढण्याचं पीसीआर तंत्र शोधून १९९३ चं नोबेल मिळवणारा कॅरी मुलिसही एलएसडीला श्रेय देत असे. दोघांवर माझा विश्वास आहे. पण त्याच काळात कॅलिफोर्नियात हजारो तरुणांनी तेच घेतलं आणि त्यांच्या हातून ना ॲपल झालं ना पीसीआर. त्यांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही.

आणि हेही ऐका. आयटरेबल नावाच्या इथल्या कंपनीचा सहसंस्थापक आणि सीईओ जस्टिन झू याला २०२१ मध्ये पदावरून काढलं. २०१९ मध्ये गुंतवणूकदारांच्या बैठकीआधी त्यानं एकाग्रतेसाठी एलएसडीचा अल्पसा डोस घेतला होता, हे कारण त्यानं स्वतः जाहीरपणे सांगितलं. म्हणजे जिथं हे 'सगळेच करतात' म्हणतात, तिथंही संचालक मंडळानं ते चालवून घेतलं नाही.

मनोमिरज

मी मिरजेत मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. बेदाणाशेड यांनी एकटेपणाचं लिहिलंय ते अगदी खरं आहे. माझ्याकडं येणारे धंदेवाले बहुधा झोपेची किंवा ॲसिडिटीची तक्रार घेऊन येतात, खरं दुखणं तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं.

शास्त्राबद्दल. सायलोसायबिन, एलएसडी, मेस्कॅलिन ही द्रव्यं मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करतात. 'मी, माझं, माझा भूतकाळ' या विचारांत गुंतलेलं मेंदूतलं जाळं त्या काळापुरतं सैल पडतं. म्हणून माणसाला स्वतःकडं बाहेरून पाहिल्यासारखं वाटतं. हा अनुभव खोल असू शकतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या २००६ च्या अभ्यासात ३६ निरोगी माणसं होती, त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांनी त्या सत्राला आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत जागा दिली. त्याच गटानं २०११ मध्ये ५२ जणांच्या अभ्यासात पाहिलं की ज्यांना पूर्ण गूढ स्वरूपाचा अनुभव आला, त्यांच्या स्वभावातला मोकळेपणा वर्षभरानंतरही वाढलेला राहिला. तेव्हा काका कामगारांशी बोलू लागले यात मला नवल वाटत नाही.

आता निर्णयांकडं येऊ. हीच द्रव्यं 'हे खरं आहे' ही भावनाच वाढवतात. एखादा विचार खरा असणं आणि तो खरा वाटणं यांतलं अंतर एरवी आपल्याला थोडंफार जाणवत असतं, ते त्या वेळी पुसलं जातं. मास्ट्रिख्त विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगात ६० लोक होते. सायलोसायबिन घेतलं त्या दिवशी आपल्याला नवीन काही उमगतंय ही भावना वाढली, पण दिलेल्या कामात मुद्दाम विचार करून उत्तर काढण्याची क्षमता कमी झाली. सात दिवसांनी मात्र नव्या कल्पनांची संख्या वाढलेली दिसली. धंदेवाल्यानं यातून घ्यायचं ते हे की कल्पना नंतर येऊ शकतात, पण त्या दिवसाच्या खात्रीवर सही करू नये.

कोचबद्दल मला खरी काळजी वाटते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१५ मध्ये दहा निरोगी लोकांवर केलेल्या छोट्या अभ्यासात एलएसडीखाली माणूस दुसऱ्याच्या सूचना अधिक सहज स्वीकारतो असं दिसलं. अशा अवस्थेत जो माणूस शेजारी बसून 'तुमचं खरं कार्य काय आहे ते पाहा' म्हणतो, त्याच्या शब्दांना केवढं वजन येत असेल! संशोधनात दोन प्रशिक्षित माणसं सहा-आठ तास सोबत असतात, आधी तयारीच्या बैठका होतात, नंतरही होतात, आणि त्यांना पुढचा कोर्स विकायचा नसतो.

ठरावीक दिवसांनी अल्प मात्रा घेण्याबद्दल, ज्याला मायक्रोडोसिंग म्हणतात: २०२१ मध्ये १९१ लोकांचा एक अभ्यास झाला. त्यात लोकांनी घरीच कॅप्सूल अशा भरल्या की आपण खरी घेतोय की रिकामी हे त्यांनाच कळू नये. रिकाम्या कॅप्सूलवाल्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. मनाची अपेक्षा हेच मोठं औषध ठरलं.

आणि एक गोष्ट प्रत्येकानं वाचावी. या प्रयोगांतून स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असलेल्या माणसांना मुळातच वगळलेलं असतं. रिट्रीटवाले फॉर्म भरून घेतात, पण आपल्याकडं घरातला मानसिक आजार फॉर्मवर लिहितो कोण?

भट्टीवाला, तुमच्या लेखातलं एक वाक्य मला खटकलंय. रात्री तीनचे मेसेज. काका झोपतात किती? आधी त्यांना काही औषध चालू होतं का? कृपया चौकशी करा.

कोर्टरस्ता

कायद्याची बाजू मांडते. भारतात एनडीपीएस कायदा, १९८५ हा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे आणि एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कॅलिन, डीएमटी हे सर्व त्यातील मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहेत. एलएसडीची 'अल्प मात्रा' ०.००२ ग्रॅम आणि 'व्यापारी मात्रा' ०.१ ग्रॅम धरली आहे. व्यापारी मात्रा सापडल्यास किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, एक ते दोन लाख दंड, आणि कलम ३७ मुळे जामीन फार अवघड. ०.१ ग्रॅम म्हणजे किती कमी ते लक्षात घ्या. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितले की मिश्रणातील निष्क्रिय भागाचे वजनही मोजायचे.

तिकडे कायदेशीर असलेली वस्तू बॅगेतून इकडे आणली की ती आयात ठरते, आणि तो वेगळा गुन्हा आहे. 'चॉकलेटच तर आहे' हा बचाव टिकत नाही. गटातील तरुणांना हे आजच सांगा.

उद्योजकांना माहीत नसलेले आणखी एक कलम २५ आहे. आपले फार्महाऊस, गेस्टहाऊस किंवा गोदाम अशा कामासाठी वापरले जात आहे हे माहीत असून मालकाने परवानगी दिली, तर तोही शिक्षेस पात्र. 'मी घेतले नाही, फक्त जागा दिली' हे चालत नाही.

आता निर्णयांपुरते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२ प्रमाणे करार करताना माणूस सुज्ञ मनःस्थितीत असावा लागतो, म्हणजे कराराचा अर्थ आणि त्याचा आपल्या हितावरील परिणाम त्याला समजला पाहिजे. तापात बरळणारा किंवा नशेत असलेला माणूस त्या अवस्थेत करार करू शकत नाही, हे उदाहरण त्या कलमातच आहे. कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १६६ संचालकावर वाजवी काळजी, कौशल्य आणि स्वतंत्र निर्णयबुद्धीचे बंधन घालते. 'मला लख्ख दिसले' ही नोंद सभेच्या इतिवृत्तात कशी लिहिणार? काकांचा कारखाना प्रायव्हेट लिमिटेड आहे की भागीदारी?

भट्टीवाला

ताई, भागीदारी आहे. काका, काकू आणि मुलगा. डॉक्टरसाहेब, औषधाचं मला माहीत नाही, काकूंना विचारतो.

हरिपूर_संगम

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. या विषयात आपल्याकडे सोमाचा दाखला लगेच दिला जातो, म्हणून लिहितो. ऋग्वेदाचे संपूर्ण नववे मंडल, ११४ सूक्ते, सोमाला वाहिलेले आहे. सोम म्हणजे एक लाल टोपीची बुरशी असावी असा तर्क १९६८ मध्ये गॉर्डन वॉसन यांनी मांडला. तो सर्वमान्य झालेला नाही. पण भट्टीवाला यांच्या प्रश्नाशी वॉसन यांचा फार जवळचा संबंध आहे, कारण हे गृहस्थ जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष होते. धंद्यातला मोठा माणूस हा अनुभव शोधत परदेशी गेला, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

१९५५ मध्ये मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात, माझातेक लोकांच्या गावी, मारिया साबिना नावाच्या वैदू स्त्रीने त्यांना आपल्या रात्रीच्या विधीत बसू दिले. १९५७ मध्ये त्यांनी लाइफ मासिकात त्यावर लेख लिहिला. पुढे त्या गावात परदेशी लोकांची रीघ लागली, पोलीस आले, गावाने मारिया साबिनालाच दोषी धरले, तिचे घर जाळले गेले. परकी माणसे आल्यापासून त्या बुरशीची शक्ती गेली, असे ती म्हातारपणी सांगत असे.

तिच्याकडे हा विधी आजाऱ्यासाठी होता. गावातले कुणी आजारी पडले, काही कळेनासे झाले की ती बसे, आणि सकाळी ज्याच्यासाठी बसली त्याच्यासमोर तिला उभे राहावे लागे. तिचे म्हणणे खरे ठरले की नाही हे गाव पाहत होते. आजच्या रिट्रीटमध्ये माणूस विमानाने जातो, अनोळखी लोकांत बसतो, परत येतो आणि त्याचे परिणाम असे लोक भोगतात ज्यांना त्या खोलीत काय झाले हे ठाऊकच नाही. माझा आक्षेप इथे आहे.

आमच्या हरिपुरात हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, होती. २००५ च्या पुरात त्यांची वाट लागली. पेव उघडले की लगेच कुणी आत उतरत नसे, तोंड उघडे टाकून हवा खेळू देत. आत हळद उत्तम असली तरी आधी थांबायचेच. काकांच्या निर्णयाला एवढी उसंत मिळावी.

दुसरी_पिढी

मी अशाच एका कार्यक्रमाला जाऊन आलोय, नेदरलँड्सलाच. वडिलांचं कोल्ड स्टोअरेज आहे, मी आणि भाऊ चालवतो. इथं सगळं एका बाजूनं होतंय म्हणून लिहितोय.

मला तिथं धंद्याबद्दल काहीच दिसलं नाही. दिसली ती भीती, वडिलांची. बैठकीत ते खोकले तरी मी बोलायचा थांबायचो, हे मला तोवर कळलंच नव्हतं. परत आल्यावर त्यांच्याशी बोललो. सोपं गेलं नाही. पण त्यानंतर अमोनियाच्या जुन्या पाइपलाइनचं काम, जे मी दोन हंगाम बोलायला घाबरत होतो, ते मी मांडलं आणि ते झालं. याला तुम्ही नेतृत्व म्हणणार नाही का? डॉक्टरांनी लिहिलेला मोकळेपणा मी जगलोय.

पण भट्टीवाला, तुमच्या काकांसारखं मी काही ठरवून आलो नाही. आमच्या तिथल्या बाईंनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं की महिनाभर लग्न, घटस्फोट, घर, धंदा यांतला कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. काकांच्या कोचनं हे सांगितलं नसेल तर दोष तिथं आहे. सगळ्या अनुभवाला एकाच मापानं मोजू नका.

मनोमिरज

दुसरी_पिढी, तुम्ही लिहिलंत ते मोलाचं आहे. पाइपलाइनचं काम करायला हवं हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं, कागदावर सिद्ध करता येत होतं. अनुभवानं तुम्हाला बोलायचं बळ दिलं, उत्तर दिलं नाही. काकांच्या बाबतीत उलट झालंय.

घाटमाथा_पाचगणी

सातारकर बोलतोय. आमच्या पाचगणीत १९६८ मध्ये राजमोहन गांधींच्या पुढाकारानं एशिया प्लॅटो हे केंद्र उभं राहिलं. तिथं कारखान्यांचे अधिकारी आणि कामगार एकत्र येऊन राहतात. रोज काही वेळ गप्प बसायचं, मनात येईल ते वहीत लिहायचं आणि मग ते दुसऱ्यासमोर वाचायचं. कुठलंही द्रव्य नाही. मला त्यातली शेवटची पायरी महत्त्वाची वाटते. आपल्याला जे उमगलं ते ज्याच्यावर परिणाम होणार त्याच्यासमोर, तो समोर बसलेला असताना, बोलून दाखवायचं. मॅनेजरला कामगारासमोर वाचावं लागलं की अर्ध्या गोष्टी तिथंच गळून पडतात आणि उरतात त्या करण्यासारख्या असतात. काकांना इथं पाठवायचं असेल तर मुलगा आणि एखादा जुना मोल्डर सोबत द्या.

पेठभाग

मी सीए आहे, त्यामुळं आकड्यांत बोलते. अनुभव कुठून आला याच्याशी मला घेणं नाही. निर्णय परत फिरवता येतो का, एवढं मी पाहते. पंपाचं एक मॉडेल करून पंचवीस नग विकून बघणं परत फिरवता येतं. वाहन उद्योगातल्या ग्राहकाला 'आम्ही पुरवठा बंद करतोय' असं पत्र देणं परत फिरवता येत नाही. ते आपले पॅटर्न (ज्यांवरून साचे करतात ते नमुने) उचलून दुसऱ्या फौंड्रीत नेतात, तिथं मंजुरीची सगळी प्रक्रिया पूर्ण होते, आणि मग तुम्ही पुन्हा दारात उभे राहिलात तरी काम मिळत नाही. शिवाय शेतीपंपाचा धंदा हंगामी आणि उधारीचा. फौंड्रीचं वीजबिल दर महिन्याला येतं.

२०१९ च्या पुरात आमच्या एका अशीलाचं बाजारपेठेतलं दुकान छतापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर त्या आठवड्यात ते दुकान विकायलाच निघाले होते, तेही पूर्ण खात्रीनं. भागीदारीच्या करारात स्थावर विकायला दोघांच्या सह्या लागतील असं कलम होतं, आणि दुसरा भागीदार गावाला होता. तो येईपर्यंत विचार बदलला. आज ते दुकान चालू आहे. मी तेव्हापासून प्रत्येक करारात असं कलम घालायला सांगते. मोठा ग्राहक सोडणं, नवं कर्ज, जागा विकणं, या तीन गोष्टींना सर्व भागीदारांच्या सह्या आणि मधे ठरावीक मुदत. काकांच्या करारात आहे का ते बघा.

बेदाणाशेड

ताई, हे कलम आमच्या शेडच्या करारातबी घालून घेतो.

भट्टीवाला

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी काकांच्या घरी गेलो होतो. जे झालं ते सांगतो.

मी पंपाचा विषय पेठभाग यांनी लिहिला तसाच काढला, एक मॉडेल करून बघू म्हणालो. काका चिडले नाहीत. उलट त्यांनी सुपरवायझरला फोन लावून बोलावलं. आणि सुपरवायझर जे बोलला ते ऐकून मी थक्क झालो. तो म्हणाला, सत्तर टक्के काम एकाच ग्राहकाचं आहे, हे धोक्याचं आहे असं मी मालकांना कितीदा सांगितलंय, रिजेक्शनचे पैसे तो ग्राहक मनाला येईल तसे कापतो. म्हणजे काकांना जे 'दिसलं' त्यातलं निम्मं त्या माणसाला रोज दिसत होतं. वाहन उद्योग पूर्ण सोडणं मात्र त्यालाही वेडेपणा वाटतो. तो म्हणाला दुसरे दोन ग्राहक शोधा, पंप नंतर.

करारात सह्यांचं कलम नाही. मुलगा ते घालायला तयार आहे.

पण डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलेलं. काकूंशी स्वयंपाकघरात बोललो. काकांना बरीच वर्षं लिथियमची गोळी, बायपोलर आजारात देतात ती, चालू होती. घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. रिट्रीटला जाण्याआधी कोचनं सांगितलं की या गोळीबरोबर तो कार्यक्रम करता येत नाही, बंद करा. काकांनी आपल्या डॉक्टरांना न विचारता बंद केली, आणि 'आता गरज नाही' म्हणून परत सुरू केलीच नाही. झोप रात्री दोन-तीन तास, थकवा अजिबात नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी घरात न सांगता दोन मशिनची आगाऊ रक्कम भरलीय. काकू म्हणाल्या, "इतकं आनंदी त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आणि त्यानंतर दवाखान्यात ठेवावं लागलं होतं."

मनोमिरज

भट्टीवाला, हे वाचून लगेच लिहितोय. बाकी चर्चा बाजूला ठेवा.

धाग्यावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण लिथियम अचानक बंद करणं, त्यानंतर सायलोसायबिन, आता कमी झोप, थकवा नाही, कल्पनांचा पूर आणि न विचारता मोठा खर्च, हे सगळं एकत्र आलं तर मॅनियाचा, म्हणजे उन्मादाच्या अवस्थेचा, विचार करावाच लागतो. लिथियम एकदम थांबवलं की तो उलटण्याचा धोका मोठा असतो, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. लिथियम चालू असताना सायकेडेलिक घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून कोचनं ते दोन्ही एकत्र नको म्हटलं ते ठीक. पण मग त्या माणसाला कार्यक्रमालाच घ्यायचं नव्हतं. गोळी बंद करायला सांगण्याचा त्याला काही अधिकार नव्हता.

जुनी गोळी घरीच, स्वतःच्या मनानं, आधीच्या मात्रेत सुरू करू नका. आधी रक्ततपासणी लागते. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं उद्याच न्या, काकू सोबत हव्यात, कारण मागच्या वेळची लक्षणं त्यांना माहीत आहेत. रात्रीत काही बिघडलं, चिडचीड वाढली, ते बाहेर निघून जाऊ लागले, तर थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. फोनवर बोलायला सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. काकांशी वाद घालू नका, पंप चूक की बरोबर हे आत्ता बोलू नका. 'झोप होत नाहीये, त्यासाठी जाऊ' एवढंच पुरे.

कोर्टरस्ता

आणि ग्राहकाला द्यायचे पत्र तयार असेल तर ते मुलाने आपल्याकडे ठेवावे. मशिनच्या आगाऊ रकमेच्या पावत्या आणि ऑर्डरच्या अटी मला पाठवा. पुरवठादाराशी आत्ताच बोलले तर बहुतेक वेळा रक्कम वळती करून घेता येते.

भट्टीवाला

पत्र मुलानं टपालातून काढून घेतलंय. काका यायला तयार झालेत. सुपरवायझरनं सांगितल्यावर ऐकलं, आमचं नाही. सकाळी नऊची वेळ मिळालीय, काकू, मुलगा आणि मी सोबत आहे. ताई, पावत्या दुपारी पाठवतो.